तोंडाची साक्ष



आपल्यापैकी जे आज साठीच्या पुढे गेले आहेत त्यांना लहानपणीचे हकीमसाहेब आठवत असतील. ताप असो, जुलाब असो की नुसता अशक्तपणा असो, नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी हकीमसाहेब एकच वाक्य उच्चारीत, "जबान दिखाओ." मूल तोंड उघडी. हकीमसाहेब त्याची मान उजेडाकडे वळवून जीभ निरखीत, ओठ उलटून हिरड्या पाहत आणि मग अम्मीकडे वळून पोराच्या पोटात काय चालले आहे ते सांगत. आम्हां मुलांना ती एक करमणूकच वाटे. पोटातले दुखणे जिभेवर कसे लिहिलेले असेल?

नगरच्या इतिहासावर लेख मागितला की लिहिणारा भुईकोट किल्ला, चांदबीबी आणि मलिक अंबर यांपलीकडे सहसा जात नाही. मीही आजवर तेच केले. यंदा मात्र आपल्यापुढे माणसाच्या तोंडाचा इतिहास मांडावा असे योजिले आहे. हसू नका. शरीराची प्रतिकारशक्ती खचू लागली, की तिची पहिली वर्दी बहुधा तोंडच देते. ती वर्दी ज्यांनी वेळीच वाचली त्यांनी असंख्य जीव वाचविले, आणि ज्यांनी लाजेपोटी तोंड झाकून घेतले त्यांनी ते गमावले. हा इतिहास फार लांबचा नाही. त्यातला काही भाग आपल्याच जिल्ह्यात आणि आपल्याच मोहल्ल्यांत घडला आहे.

ज्या निजामशाहीने हे शहर वसविले (आज जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे), तिच्या दरबारी हकिमांना मोठा मान होता. सोळाव्या शतकात रुस्तम जुर्जानी या हकिमाने 'जखीरा-ए-निजामशाही' हा औषधीशास्त्रावरील फारसी ग्रंथ रचून बुऱ्हाण निजामशाहास अर्पण केला. ही विद्या नगरला आली ती रय, बुखारा, कॉर्डोव्हा अशा दूरदूरच्या शहरांतून फिरत आली होती. त्या परंपरेतील दोन नावे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावीत. पहिले नाव अबू बक्र अल्‌-राझी यांचे. नवव्या-दहाव्या शतकातील या वैद्याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे ओळखण्याची लक्षणे एका स्वतंत्र पुस्तकात नोंदवून ठेवली. पाठदुखी देवीत अधिक असते, तर तगमग व मळमळ गोवरात अधिक असते, असा त्यांचा बारकावा होता. दुसरे नाव कॉर्डोव्ह्याजवळचे शल्यवैद्य अल्‌-जहरावी यांचे. दातांवरचे कीटण खरवडण्याची निरनिराळी हत्यारे त्यांनी आपल्या ग्रंथात चित्रे काढून दाखविली. आज दंतवैद्याच्या ताटलीत जी वाकड्या टोकाची हत्यारे दिसतात, ती पाहून अल्‌-जहरावींना फारसे आश्चर्य वाटले नसते.

अल्‌-राझींचा गोवर इथे मुद्दाम काढला. आपल्या घरांत गोवर हा आजही किरकोळ आजार समजला जातो. "सगळ्यांनाच होतो, निघून गेला म्हणजे झाले," असे आपण म्हणतो. पण गोवराचा विषाणू अंगावर पुरळ उठवून निघून जात नाही; जाताना तो घरफोडी करून जातो. १८९६ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी दाखवून दिले की, अंगावर पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके लाल जागेवर दिसतात. हे ठिपके गोवराशिवाय दुसऱ्या कोणत्याही आजारात सहसा आढळत नाहीत. म्हणजे गोवराची बातमी आधी तोंडात छापली जाते आणि मग अंगावर.

घरफोडीची हकीकत यापुढची आहे. १९०८ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांच्या ध्यानात आले की, क्षयाची बाधा असलेल्या मुलांची त्वचेवरील क्षय-चाचणी गोवर होताच उमटेनाशी होते. शरीर जणू आपला जुना शत्रू विसरून जाते. असे का घडते, याचे उत्तर मिळण्यास शंभरावर वर्षे लागली. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे व नंतरचे रक्त तपासून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, पूर्वीच्या आजारांतून शरीराने कमावलेली प्रतिद्रव्ये गोवरामुळे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी होतात. बाळाने जन्मापासून जी पुंजी साठविली, तीच लुटली गेली. ती पुन्हा साठेपर्यंत न्यूमोनिया, जुलाब आणि तोंडाचे विकार यांना दार मोकळेच असते.

अशा लुटलेल्या मुलाला पोटभर अन्नही नसेल तर काय होते? हिरडीवर एक लहानसा व्रण पडतो, तो काही दिवसांत गालात उतरतो आणि गालच कुजून पडतो. या भयंकर रोगाला 'नोमा' म्हणतात. दोन ते सहा वर्षांची उपाशी मुले, बहुधा गोवरातून नुकतीच उठलेली, ही त्याची ठरलेली शिकार. उपचाराविना बहुतेक मुले दगावतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला. वाचताना आपणास वाटेल की ही दूर आफ्रिकेची गोष्ट आहे. पण आपला जिल्हा दुष्काळी. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हातांनी दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव घातला गेला. १८७८ मध्ये गाडी धावली. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडणे आणि शाळेतली सुकडी आठवणारे तर आजही या स्मरणिकेचे वाचक आहेत. उपासमार ही प्रतिकारशक्ती खचविणारी सर्वांत जुनी गोष्ट होय, आणि तिच्याशी आपली ओळख जुनी आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ उसळली आणि कोवळी मुले दगावली. भिवंडी व मालेगावातही साथ पोचली. ही नावे वाचून आपल्या ध्यानात काय यायचे ते आलेच असेल. ही सारी आपल्या समाजाची दाट वस्ती. तिथल्या कितीतरी मुलांनी लस घेतलेली नव्हती. गरिबी, दाटी, रोज कामावर जाणारी आई ही कारणे खरीच. पण लसीविषयी पसरविलेल्या अफवा हेही एक कारण होते, हे मान्य करताना मला संकोच वाटत नाही. ज्या समाजातील वैद्याने गोवर ओळखण्यास जगाला शिकविले, त्या समाजाची मुले गोवराने जावीत, यापरते दुर्दैव कोणते? नवव्या महिन्याची एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची दुसरी, अशा दोनच सुया, आणि त्याही फुकट.

आता तोंडातच अशी वर्दी का उमटते ते थोडक्यात पाहू. आपले तोंड हा एक गजबजलेला बाजार आहे. त्यात शेकडो जातींचे जीवाणू राहतात, कॅन्डिडा नावाची बुरशी अनेकांच्या जिभेवर निमूटपणे असते, आणि लहानपणी येऊन गेलेले काही विषाणू मज्जातंतूंत वा पेशींत झोपी गेलेले असतात. ओठांवर पाणीदार फोडांचा घोस उठविणारा हर्पीस त्यांपैकीच एक. नागीण उठविणारा कांजिण्यांचा विषाणूही त्यातलाच. लाळेतील प्रतिद्रव्ये आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या बाजारात अहोरात्र पहारा देतात, म्हणून सारे गुण्यागोविंदाने राहतात. पहारेकरी कमी झाले की प्रथम निमूट बसलेली बुरशी पसरते; जिभेवर, टाळूवर, गालात दह्यासारखा पांढरा थर येतो, पुसला तर निघतो आणि खाली लाल जागा दिसते. मग निजलेले विषाणू उठतात. धडधाकट माणसाच्या ओठावरचे फोड आठ-दहा दिवसांत वाळतात; प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात तेच व्रण महिना महिना बरे होत नाहीत.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. पाचही जणांना एका दुर्मिळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. दोघे मरण पावले होते. याच टिपणात आणखी एक ओळ होती. पाचही जणांच्या आतील ओल्या अस्तरावर, कुणाच्या तोंडात तर कुणाच्या अन्ननलिकेत, कॅन्डिडाची बुरशी आढळली होती. जगाने ज्याला पुढे एड्स म्हटले, त्याची ही पहिली छापील नोंद. रोगाला अजून नाव नव्हते, विषाणू सापडायला दोन वर्षे बाकी होती. पण साक्ष नोंदविली गेली होती. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीनस्पॅन दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेच्या कडेवर उमटणाऱ्या पांढऱ्या, रेघोट्यांच्या, खरवडून न निघणाऱ्या चट्ट्यांचे वर्णन केले. या चट्ट्यांत एपस्टीन-बार हा विषाणू आढळला. तो विषाणू बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरात आयुष्यभर मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. पहारा उठल्यावरच तो जिभेवर दिसू लागतो. अशा रीतीने जिभेची एक कड पाहून डॉक्टर रक्ततपासणीचा सल्ला देऊ लागले.

आपल्या देशात ही बातमी उघड करण्याचे श्रेय एका मराठी घरातील मुलीकडे जाते. सुनीती गायतोंडे यांचे माहेर मद्रासमध्ये स्थायिक झालेले, चामड्याचा व्यापार करणारे महाराष्ट्रीय कुटुंब. लग्नानंतर त्या सुनीती सॉलोमन झाल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. १९८६ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी वेश्याव्यवसायात अडकलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले, तेव्हा सहा नमुने दोषी आढळले. भारतात हा रोग येणारच नाही, आपली संस्कृती वेगळी आहे, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. सुनीतीबाईंनी पुढे वडिलांच्या नावाने चेन्नईत केंद्र काढले आणि ज्यांना कुणी दारात उभे करीत नव्हते अशा रुग्णांवर उपचार केले. याच केंद्राच्या व तेथील दंतवैद्यांच्या सहकार्याने दक्षिण भारतातील शेकडो रुग्णांच्या तोंडांची पद्धतशीर तपासणी झाली, आणि इथेही बुरशीचा पांढरा थर ही ठळक खूण असल्याचे दिसून आले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

आपल्या राज्यात या रोगाचा जोर मोठा होता. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. नगर जिल्ह्याची परिस्थिती ध्यानात घ्या. मोठमोठ्या हमरस्त्यांवरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. साखर कारखान्यांच्या हंगामात हजारो तोडणी कामगार घर सोडून पालांवर राहतात. जिथे माणूस महिनोन्‌महिने घराबाहेर असतो, तिथे हा रोग पोचतो. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी नगरात 'स्नेहालय' सुरू केले ते लालबत्ती भागातील स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी. एच. आय. व्ही. बाधित मुलांना घर देण्याचे कामही पुढे याच संस्थेने केले. अशा कामाकडे त्या काळी आपण कोणत्या नजरेने पाहत होतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

माझे मी सांगतो. १९९७-९८ ची गोष्ट असेल. आमच्या मोहल्ल्यात ट्रकवर जाणारा एक तरुण होता. नाव लिहीत नाही. त्याची मुले आज संसारी आहेत. त्याला वरचेवर तोंड येऊ लागले. घरच्यांनी उष्णता म्हणून जाईची पाने चघळायला दिली, तुरटीच्या गुळण्या करविल्या, गुलकंद खाऊ घातला. जिभेवरचा पांढरा थर जाईना. मास्तर चार पुस्तके वाचलेला माणूस म्हणून त्याने मलाही जीभ दाखविली. मी पाहिली आणि सांगितले, "अरे, तंबाखू सोड." एवढे बोलून मी मोकळा झालो. पुढे दाढ दुखू लागली तेव्हा एका दवाखान्यात रक्त तपासले गेले. दाढ तर तिथे काढली नाहीच, पण जी बातमी गुप्त राहायला हवी होती ती संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पोचली. आठ महिन्यांत तो गेला. मय्यत घरात होती आणि गुस्ल देण्यास माणसे पुढे येईनात. हात लागला तर रोग लागेल, ही भीती. अखेर दोन वृद्ध हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आत गेले आणि त्यांनी फर्ज पार पाडले. मी अंगणात उभा होतो. आत गेलो नाही.

त्या दिवशी मला जे ठाऊक नव्हते ते आज शाळेतील मुलालाही सांगता येते. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. लाळेतून, एका ताटात जेवल्याने, एका नळावर वुजू केल्याने, मुसाफा केल्याने तो जात नाही. गुस्ल देणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, जखम असेल ती झाकावी. एवढी काळजी पुरते. दंतवैद्याने प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे बदलणे आणि हत्यारे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणे हे सर्वांसाठीच करावयाचे असते. ते केले म्हणजे कुणाला परत पाठविण्याचे कारण उरत नाही. २०१७ मध्ये संसदेने यासाठी कायदाच केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. बाधित व्यक्तीस उपचार, शिक्षण वा नोकरी नाकारणे आणि तिच्या संमतीविना बातमी फोडणे हे आता बेकायदेशीर आहे.

या इतिहासात विद्यार्थ्यांनी वाचावे असे आणखी एक प्रकरण आहे. १८९८ मध्ये अलीगढला जन्मलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ मध्ये मुंबईत सिपला ही औषधांची कंपनी काढली. १९३९ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. त्यांचे पुत्र युसूफ हमीद केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ. एच. आय. व्ही.वर तीन औषधे एकत्र दिली तर रोग आटोक्यात राहतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले होते. परंतु त्या औषधांचा खर्च दर रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर जाई. आफ्रिकेतील आणि आपल्याकडील गरीब रुग्णाने ते आकडे ऐकून केवळ मान खाली घालावी. फेब्रुवारी २००१ मध्ये युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे एका स्वयंसेवी वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात देऊ केली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषध नव्हे तर ते बनविण्याची पद्धतच तेवढी राखीव असे, म्हणून हे शक्य झाले. बड्या परदेशी कंपन्यांनी आरडाओरडा केला. भाव मात्र उतरले ते उतरलेच. दौंडजवळ कुरकुंभला सिपलाचा कारखाना आहे. श्रीगोंद्याकडून पुण्यास जाणाऱ्यांनी तो पाहिलाही असेल. रसायनशास्त्राच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांना मी ही हकीकत सांगतो. कंटाळा जातोच असे नाही, पण प्रश्न विचारले जातात.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, प्रथम देशातील आठ केंद्रांवर. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. हळूहळू ती जिल्ह्याजिल्ह्यांत मिळू लागली. २०१७ पासून तर रक्तातील पेशींची संख्या किती उतरली याची वाट न पाहता, रोग कळताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. औषधे लागू पडली की पहारेकरी परत येतात आणि जीभ स्वच्छ होते. तेवढ्यापुरते तोंडच पुन्हा पहिली बातमी देते, या वेळी चांगली. आमच्या मोहल्ल्यातील त्या तरुणाची बेवा सरकारी औषधांवर आली तेव्हा तिचे तोंड व्रणांनी भरलेले होते, भाकरी दुधात कुस्करून खावी लागे. आज ती नातवंडांना मदरशात पोचवायला जाते. भेटली की सलाम करते. तिच्या नवऱ्याची जीभ पाहून मी काय सांगितले होते ते तिला ठाऊक आहे.

वाचक म्हणतील, एड्स गेला, आता हे कशाला? एक तर तो गेलेला नाही, आटोक्यात आला आहे. आणि प्रतिकारशक्ती खचविणाऱ्या वाटा एका रोगापुरत्या नाहीत. कर्करोगाची औषधे घेणारे, मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, साखर हाताबाहेर गेलेले मधुमेही, या सर्वांचे पहारेकरी थकलेले असतात. २०२१ च्या उन्हाळ्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेने आपला जिल्हा पोळून निघाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातही जिल्ह्यातील ६१ गावे पुन्हा बंद ठेवावी लागली. करोनातून बरे होऊन घरी आलेल्या माणसाचा वरचा दात अचानक हलू लागे, गाल बधिर होई, नाकातून काळसर स्राव येई, टाळूवर काळा डाग दिसे. ती म्युकरमायकोसिसची बुरशी होती. ती हवेत, मातीत नेहमीच असते. पण विषाणू, वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा भडिमार या तिहींनी मिळून तिला वाट मोकळी करून दिली. केंद्र सरकारने मे महिन्यात राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेतले. तरी औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा. दात हलताच जे दंतवैद्याकडे धावले त्यांचे पुष्कळसे वाचले. दात म्हातारपणाने हलतो आहे, असे समजून जे बसून राहिले त्यांचे काय झाले, हे त्या घरांना विचारावे.

तेव्हा पालकहो, आरशासमोर उजेडात उभे राहून आपले व आपल्या माणसांचे तोंड महिन्यातून एकदा पाहण्यात कमीपणा मानू नये. पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, पुसल्यावर पुन्हा येणारा पांढरा थर, जिभेच्या कडेवरच्या न निघणाऱ्या रेघोट्या, टाळूवरचा जांभळा वा काळा डाग, कारण नसता हलणारा दात, यांपैकी काही दिसले तर जाईच्या पानांवर भिस्त ठेवू नये. ज्यांचा उपचार चालू आहे त्यांनी मऊ कुंचल्याने दात घासावेत, कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, आणि दात काढण्यापूर्वी आपल्या आजाराची खरी माहिती डॉक्टरांना द्यावी. मिस्वाक जरूर करावा, पण टोक ताजे व मऊ असावे. रक्त काढणारी काडी सुन्नत साधत नाही. आमच्या मायबहिणींच्या हातातील मशेरीविषयी मात्र मी गप्प बसणार नाही. भाजलेली तंबाखू ती; दात स्वच्छ होतात ही समजूत खोटी आहे, हिरड्या मात्र तीच जाळते. आणि पांढऱ्या चट्ट्यांवर मशेरी चोळली, की खरी खूण कोणती आणि तंबाखूची कोणती हे तपासणाऱ्यालाही चटकन कळत नाही.

तोंडाच्या विकारांसाठी लोणीच्या प्रवरा संस्थेच्या ग्रामीण दंत महाविद्यालयात जाता येते. रक्ताची एच. आय. व्ही. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, आणि नाव गुप्त ठेवले जाते. कुणाला आधी फोनवरच विचारावेसे वाटले तर १०९७ हा क्रमांक विनामूल्य आहे. पलीकडचा माणूस नाव विचारीत नाही.